तुर्तुक : नियंत्रण रेषेवरचे जर्दाळूंचे गाव

लेहहून उत्तरेकडे निघालेला रस्ता ५,३५९ मीटर उंचीची खारदुंग ला ही खिंड ओलांडतो आणि नुब्रा खोऱ्यात उतरतो. दिस्कित येथील मठ आणि मैत्रेय बुद्धाची १०६ फुटी मूर्ती, पुढे हुंडरचे वाळूचे ढिगारे आणि त्यांवर हिंडणारे दोन मदारींचे उंट, एवढे पाहून बहुतेक सहली परत फिरतात. शोक नदीची संगत न सोडता जो प्रवासी पश्चिमेकडे पुढे जातो, त्याला बोगदांग, मग चालुंका आणि लेहपासून सुमारे २०५ किलोमीटरवर तुर्तुक लागते. पुढे त्याक्शी आणि थांग ही दोन गावे आहेत. थांगनंतर भारताचा रस्ता संपतो. नदी मात्र तशीच पुढे खपलूकडे वाहत जाते आणि स्कर्दूच्या अलीकडे सिंधूला मिळते.

तुर्तुक सुमारे ३,००० मीटर उंचीवर आहे. लडाखच्या मानाने ही उंची कमी, म्हणून येथे वर्षाला दोन पिके निघतात : आधी जव, मग कुट्टू. उघड्या, तपकिरी, दगडी डोंगरांमधून तासन्‌तास प्रवास केलेल्या डोळ्यांना या गावाची हिरवाई अविश्वसनीय वाटते. जर्दाळू, अक्रोड, तुती, पॉप्लर, पायऱ्या-पायऱ्यांची शेते, दगडी घरांच्या भिंतींना चिकटून वाहणारे पाण्याचे पाट. एका ओढ्याने गावाचे फारोल आणि युल असे दोन भाग केले आहेत आणि मध्ये पूल आहे. डोंगरातून येणारी गार हवा दगडांच्या फटींतून खेळवून लोणी-दूध थंड ठेवणाऱ्या छोट्या दगडी खोल्या येथे पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. त्यांना विजेची गरज नाही. येथील लोक बाल्टी आहेत, धर्माने मुसलमान, बहुतेक नूरबख्शी व सुन्नी पंथांचे. त्यांची भाषा तिबेटी कुळातील आहे. पूर्वी या मुलखावर राज्य केलेल्या यब्गो घराण्याचा जुना वाडा गावात असून त्यात लहानसे संग्रहालय आहे.

शाकाहारी कुटुंबाची येथे गैरसोय होत नाही. आधी सांगून ठेवले तर घरगुती मुक्कामांत कुट्टूच्या पिठाची धिरडी, अक्रोड घातलेले दही, पालेभाजी, जर्दाळूचे सार असे साधे जेवण मिळते. कंदमुळे वर्ज्य असणाऱ्यांनी तेवढे स्पष्ट सांगावे, आणि चौविहार पाळणाऱ्यांनी डोंगराआड सूर्य लवकर जातो हे लक्षात ठेवावे. तुर्तुक पाहण्यासारखे आहे ते या सगळ्यासाठी; पण ते समजून घेण्यासारखे आहे ते आणखी एका कारणासाठी. डिसेंबर १९७१ पूर्वी हे गाव पाकिस्तानच्या ताब्यात होते.

डोगरा राजवटीत, म्हणजे सेनापती जोरावरसिंग यांनी १८४० च्या सुमारास बाल्टिस्तान जिंकल्यापासून, हा सारा प्रदेश जम्मू-काश्मीर संस्थानात मोडत असे. लडाख वजारतीच्या लेह, कारगिल आणि स्कर्दू अशा तीन तहसिली होत्या, आणि हिवाळ्यात वजारतीचा मुक्काम स्कर्दूला हलत असे. लेह आणि स्कर्दू यांच्यामधली सीमा ही तहसिलीची सीमा होती. ती ओलांडायला परवाना लागत नसे. १९४७-४८ च्या युद्धात लेफ्टनंट कर्नल शेर जंग थापा यांनी स्कर्दूचा किल्ला महिनोन्‌महिने लढवला. अन्न आणि दारूगोळा संपल्यावर १४ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांना शरण यावे लागले. हीच तारीख पाकिस्तानच्या स्वातंत्र्यदिनाचीही आहे, हा केवळ योगायोग. पुढे जुलै १९४९ मध्ये कराची करारानुसार युद्धबंदी रेषा आखली गेली. शोक खोऱ्यात ती बोगदांग आणि चालुंका यांच्या मधून गेली : बोगदांग भारताकडे, चालुंका आणि तुर्तुक पाकिस्तानकडे. ज्या रस्त्याने माल, वऱ्हाडे आणि यात्रेकरू जात-येत असत, त्या रस्त्याचे तोंड पूर्वेच्या बाजूने बंद झाले आणि पुढची सुमारे २२ वर्षे तुर्तुकचे सर्व व्यवहार खपलू आणि स्कर्दूशी राहिले.

३ डिसेंबर १९७१ रोजी युद्ध सुरू झाले तेव्हा देशाचे सारे लक्ष पूर्वेला, ढाक्याच्या दिशेला होते. शोक खोऱ्यातील आघाडी वर्तमानपत्रांच्या नकाशांत फारशी नव्हतीच. तेथे लडाख स्काउट्स आणि नुब्रा गार्ड्सचे जवान होते आणि त्यांचे नेतृत्व मेजर चेवांग रिंचेन करीत होते. नुब्रातल्याच सुमूर गावचे हे गृहस्थ. १९४८ मध्ये, वयाच्या अवघ्या सतराव्या-अठराव्या वर्षी, त्यांना महावीर चक्र मिळाले होते. १९७१ च्या डिसेंबरात, रक्त गोठवणाऱ्या थंडीत, या स्थानिक जवानांनी डोंगरमाथ्यांवरून चालत जाऊन शत्रूची ठाणी एकामागून एक घेतली. आधी उंचावरची चौकी, मग चालुंका, तुर्तुक, त्याक्शी, आणि युद्धबंदीपर्यंत थांग. रिंचेन यांना या मोहिमेसाठी दुसऱ्यांदा महावीर चक्र मिळाले. त्यांचे जवान आणि तुर्तुकचे गावकरी यांचा धर्म वेगळा होता, पण लडाखी आणि बाल्टी या बोली भगिनी आहेत. विजयी सैन्य गावात शिरते तेव्हा ते गावकऱ्यांना समजेल अशा भाषेत बोलते, हे युद्धाच्या इतिहासात सहसा घडत नाही. भयाची ती रात्र गावातील वृद्धांनी पुढच्या पिढ्यांना सांगितली आहे.

१६ डिसेंबरला दुपारी ढाक्याच्या रेसकोर्स मैदानावर लेफ्टनंट जनरल नियाझी यांनी लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांच्यापुढे शरणागतीपत्रावर सही केली. बांगलादेशाचे युद्ध तेथे संपले. पश्चिम आघाडीवरचे युद्ध मात्र त्या दिवशी संपले नाही. ते १७ डिसेंबरला रात्री ८ वाजता थांबले. देशाच्या स्मरणात १६ तारीख आहे. तुर्तुकचे, त्याक्शीचे, थांगचे भवितव्य १७ तारखेच्या त्या घटकेने ठरवले, कारण त्या क्षणी ज्याचे सैन्य जेथे उभे होते तेथे पुढची रेषा आली.

मात्र तोच नियम सगळीकडे लागला नाही, आणि व्यापारी वाचकाला जमाखर्चाची ही बाजू चटकन कळेल. युद्ध थांबले तेव्हा पश्चिम आघाडीवर भारताच्या ताब्यात पाकिस्तानचा पाच हजार चौरस मैलांहून अधिक प्रदेश होता. त्यातला सर्वांत मोठा भाग सिंधच्या थर वाळवंटातला. जयपूरचे लेफ्टनंट कर्नल भवानीसिंग यांच्या कमांडोंनी चाचरोवर धाड घातली होती आणि नगरपारकर आपल्या सैन्याच्या हाती आले होते. पंजाबात शकरगढचा मोठा भाग ताब्यात होता. उलट छांबमध्ये मुनावर तवीच्या पश्चिमेची भूमी पाकिस्तानने घेतली होती. २ जुलै १९७२ च्या सिमला कराराने या सगळ्याची दोन खाती केली. जेथे आंतरराष्ट्रीय सीमा आहे, तेथे दोन्ही सैन्यांनी आपापल्या हद्दीत परत जायचे. जम्मू-काश्मीरमध्ये मात्र १७ डिसेंबर १९७१ च्या युद्धबंदीतून जी रेषा निर्माण झाली, तिचा दोघांनी मान राखायचा, आणि तसे करताना कोणाच्याही मूळ भूमिकेला बाध येणार नाही. बँकेच्या भाषेत बोलायचे तर पहिल्या खात्यात मालकी निर्विवाद होती, म्हणून ताबा परत केला गेला. दुसऱ्या खात्यात मालकीचाच वाद होता, म्हणून ताबा जेथे होता तेथे राहिला.

प्रत्यक्ष आखणीला वेळ लागला. ठाको चक या अगदी लहानशा जागेवरून बोलणी अडकून पडली होती. अखेर ११ डिसेंबर १९७२ रोजी सुचेतगढ येथे लेफ्टनंट जनरल पी. एस. भगत आणि लेफ्टनंट जनरल अब्दुल हमीद खान यांनी नकाशांवर सह्या केल्या आणि त्या महिन्यात सैन्ये मागे गेली. छांब पाकिस्तानकडे राहिले. तेथील विस्थापित जम्मूच्या छावण्यांत आले. तुर्तुक भारताकडे राहिले. शोक खोऱ्यातला हा सारा टापू सुमारे ८०० चौरस किलोमीटरचा. वाळवंटातला हजारो चौरस मैलांचा ताबा सुटला आणि डोंगरातला हा तुकडा राहिला, याचे कारण पराक्रमाच्या कमीअधिकपणात नाही, करारातल्या त्या दोन कलमांत आहे. भारताच्या दृष्टीने तर तुर्तुक हा जिंकलेला परका मुलूख नव्हेच. संपूर्ण संस्थान १९४७ मध्ये भारतात विलीन झाले होते, त्यामुळे हे गाव परत मिळाले, असे आपण म्हणतो. पाकिस्तान तसे म्हणत नाही.

नगरपारकरचे नाव जैन वाचकाने सहज पुढे जाऊ देऊ नये. करुंझरच्या गुलाबी ग्रॅनाइट डोंगरांच्या पायथ्याशी भोडेसर, विरावाह आणि नगरपारकर येथे मध्ययुगीन जैन मंदिरे आहेत. इस्लामकोटकडे जाणाऱ्या वाटेवर गोडी पार्श्वनाथाचे मंदिर आहे. त्याच्या लहान घुमटांच्या रांगा आणि मंडपातली भित्तिचित्रे प्रसिद्ध आहेत. कच्छच्या रणाच्या काठावरचा हा भाग एकेकाळी सागरी आणि खुष्कीच्या व्यापाराचा दुवा होता आणि तेथील श्रावकांनी व्यापारातल्या धनातून ही मंदिरे उभारली. फाळणीनंतर जैन वस्ती ओसरली आणि मंदिरे पूजेविना राहिली. डिसेंबर १९७१ पासून सुमारे वर्षभर हा मुलूख भारताच्या ताब्यात होता. सैन्य मागे आले तेव्हा त्या भागातील अनेक हिंदू कुटुंबे, त्यांत सोढा राजपूत पुष्कळ, बाडमेर आणि कच्छकडे निघून आली. मंदिरे तेथेच राहिली. पाकिस्तानने आता नगरपारकरचा सांस्कृतिक प्रदेश युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीसाठी सुचवला आहे. तेथे जाणे मुंबई-पुण्याच्या जैन कुटुंबाला आज तुर्तुकला जाण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

आता सुट्टीचा प्रश्न. १६ डिसेंबर हा भारतात विजय दिवस म्हणून पाळला जातो. दिल्लीत राष्ट्रीय युद्ध स्मारकावर पुष्पचक्रे वाहिली जातात, लष्करी तळांवर संचलने होतात. पण त्या दिवशी बँका उघड्या असतात, कचेऱ्या चालू असतात, बाजार भरतो. हीच गोष्ट २६ जुलैच्या कारगिल विजय दिवसाची. ज्यांना साऱ्या देशभर राष्ट्रीय सुट्टीचा दर्जा आहे असे दिवस तीनच : २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. एक राज्यघटनेचा, एक स्वातंत्र्याचा आणि एक अहिंसेच्या पुरस्कर्त्याच्या जन्माचा. यांत रणांगणावरच्या विजयाचा एकही नाही, आणि ही निवड योग्यच झाली असे म्हणायला हवे.

सुट्टी ही भावनेची बाब वाटते, पण तिचा पाया अगदी रोखठोक कायद्यात आहे. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचे कलम २५ सांगते की हुंडी किंवा वचनचिठ्ठीची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी भरत असेल, तर ती त्याच्या आधीच्या कामकाजाच्या दिवशी देय झाली असे समजावे. येथे अनेकांची गल्लत होते. पैसे पुढच्या दिवशी नव्हे, आधीच्या दिवशी द्यायचे असतात. सार्वजनिक सुट्टी म्हणजे रविवार आणि केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेला दिवस. हा जाहीर करण्याचा अधिकार केंद्राने राज्य सरकारांकडेही सोपवलेला आहे. म्हणून बँकांच्या सुट्ट्या राज्याराज्यांत बदलतात. १९६१ मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यातून मुक्त झाला तो १९ डिसेंबर गोव्यात सार्वजनिक सुट्टीचा दिवस आहे. पणजीची बँक त्या दिवशी बंद आणि कोल्हापूरची उघडी. ज्या पेढीचे देणे-घेणे दोन्ही गावांत आहे तिला हे ठाऊक असावे लागते. तीनच दिवसांचे अंतर आहे, १६ आणि १९ डिसेंबरमध्ये. एक देशभर पाळला जातो पण सुट्टी नाही, दुसरा एका लहान राज्याचा असूनही सुट्टी आहे. फरक उघड आहे. गोव्याच्या माणसाचे राज्य त्या दिवशी बदलले. १६ डिसेंबरने भारतीय नागरिकाच्या अंगणातले राज्य बदलले नाही.

ज्यांचे बदलले त्यांनी सुट्टी ठेवली. बांगलादेशात १६ डिसेंबर हा विजय दिवस १९७२ पासून सरकारी सुट्टीचा आहे. २६ मार्चच्या स्वातंत्र्यदिनाबरोबर त्याचे स्थान आहे. पाकिस्तानात हीच तारीख ढाका गमावल्याची, आणि २०१४ पासून पेशावरच्या सैनिकी शाळेतील मुलांच्या हत्याकांडाचीही. जम्मू-काश्मीरमध्ये सुट्ट्यांची यादी ही राजकारणाची आरसेवही झाली आहे. डिसेंबर २०१९ मध्ये पुढच्या वर्षासाठी निघालेल्या यादीतून १३ जुलैचा शहीद दिन आणि ५ डिसेंबरची शेख अब्दुल्ला जयंती वगळली गेली, आणि २६ ऑक्टोबर हा विलीनीकरणाचा दिवस तीत आला. कारकुनाच्या टेबलावरून निघालेल्या एका पानाच्या अधिसूचनेत इतका इतिहास मावू शकतो, हे बँकेच्या फलकावरची सुट्ट्यांची यादी वाचताना कोणाच्या ध्यानात येत नाही.

तुर्तुकपुरता हिशेब असा. १४ ऑगस्ट १९७१ ला या गावावर एक झेंडा होता आणि १५ ऑगस्ट १९७२ ला दुसरा. आता शाळेतील मुले २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला तिरंग्याला वंदन करतात. गावातील तरुण लष्करात आहेत, लष्करासाठी हमालीची कामे करणारेही आहेत. १९९९ च्या युद्धात याच विभागात अकराव्या राजपुताना रायफल्सचे कॅप्टन हनीफुद्दीन धारातीर्थी पडले. त्यांच्या नावाने तो उपविभाग ओळखला जातो. पण १७ डिसेंबरला तुर्तुकमध्ये ना सुट्टी असते, ना समारंभ. असता तर तो कोणी साजरा केला असता, हेही सांगणे कठीण. कारण त्या रात्री जे घरी नव्हते ते पलीकडेच राहिले. कोणी शिकायला स्कर्दूला गेला होता, कोणी कामासाठी खाली गेला होता, कोणाची बहीण खपलूच्या बाजूला नांदत होती. युद्ध दोन आठवड्यांत संपले, पण त्यांना घरी परतण्याची वाट उरली नव्हती. आई एकीकडे आणि मुलगा दुसरीकडे, पती एकीकडे आणि पत्नी दुसरीकडे अशी कुटुंबे या चारही गावांत आहेत.

नदीकाठाने गेले तर पलीकडचे पहिले गाव हाकेच्या अंतरावर आहे. कायदेशीर मार्गाने भेटायचे तर लेह, श्रीनगर, अमृतसर, अटारी, लाहोर, इस्लामाबाद, स्कर्दू आणि मग खपलू, असा दोन हजार किलोमीटरच्या आसपासचा वळसा पडे. शिवाय व्हिसा, पोलीस चौकशी आणि खर्च. थोड्यांना तो परवडला, त्यांनी अनेक वर्षांनी भावंडांना पाहिले. इतरांनी केवळ मृत्यूच्या वार्ता ऐकल्या. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर अटारीची चौकी बंद झाली आणि व्हिसाही थांबले, तेव्हा तो वळसाही उरला नाही.

पर्यटकांसाठी तुर्तुक २०१० मध्ये खुले झाले. त्याआधी चार दशके बाहेरचा माणूस येथे फारसा येत नसे. आता उन्हाळ्यात गाड्यांची रांग लागते आणि घराघरांत मुक्कामाची सोय झाली आहे. जुन्या मशिदीचे लाकडी नक्षीकाम, यब्गोंचा वाडा, ओढ्यावरचा पूल पाहून पर्यटक त्याक्शीकडे आणि तेथून थांगला जातात. थांगच्या टोकावर लोक दुर्बिणी भाड्याने देतात. त्यांतून पलीकडच्या फारनू गावाची घरे, शेते आणि झाडे दिसतात. घरांचा आकार तोच, शेतांची रचना तीच, आणि उन्हात वाळत घातलेली फळेही तीच. पर्यटकाला दुर्बीण पाच मिनिटे पुरते. तिच्यामागे उभा असलेला गावकरी कोणते घर कोणाचे हे नावाने सांगू शकतो.

एप्रिलमध्ये जर्दाळूला पांढरा-गुलाबी मोहोर येतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये फळे पिकतात. ती गच्चीवर आणि खडकांवर पसरून सुकवतात, बी फोडून आतला गर खातात किंवा त्याचे तेल काढतात. १९७१ पूर्वी या मालाला वाट होती ती खाली खपलू आणि स्कर्दूची. आता पोती टेम्पोत चढतात, खारदुंग ला ओलांडतात आणि लेहच्या बाजारात विकली जातात.